मुद्दाम चुकणाऱ्या बाई

...आणि वर मलाच म्हणते, "तुमचं लक्ष नव्हतं!" घ्या! म्हणजे चहात साखर घालायची राहणार हिच्याकडून, तो कडू काढा घशाखाली ढकलणार मी, आणि लक्ष कुणाचं नाही? तर माझं! मी म्हटलं, "अगं, साखर विसरलीस." तर काय म्हणाली असेल? "विसरले कुठे? मुद्दाम केलं! बघत होते, किती घोटांनी कळतंय ते." कप संपला होता हो! तळ दिसत होता तळ! बसा, बसा तुम्ही त्या बाकावर, तुमच्या विजारीच्या खिशाला एवढी टीप मारली की झालं, दोन मिनिटांत देतो... तर तुम्हाला सांगतो, लग्न कुणाशीही करा, शिक्षिकेशी करू नका. आणि त्यातून गणिताच्या शिक्षिकेशी तर मुळीच नका.

आता ही सवय काय आहे ते आधी ऐका, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आमची ही वर्गात मुद्दाम चुकते. हो! पगार घेऊन चुकते! फळ्यावर छान गणित मांडणार, गोड गोड बोलत पुढे जाणार, आणि मध्येच एक ढळढळीत चूक ठोकून देणार. आणि मग गप्प. खडू हातात, पाठ फळ्याला, आणि चेहरा असा, की जणू हिच्यासारखी भोळी बाई त्रिभुवनात नाही. वर्ग शांत. मग कुठून तरी एक बोट वर येतं, "बाई, चुकलं!" की झालं! ज्यानं चूक धरली त्याच्या हातात खडू. तो आता मास्तर. आणि ही जाऊन बसणार त्याच्या बाकावर, गुडघे बाकात अडकवून, आणि वरून भंडावून सोडणार, "बाई बाई, मला नाही कळलं! बाई बाई, पुन्हा सांगा ना!" पोरं हसून हसून लोळतात, आणि हसता हसता गणित डोक्यात शिरतं.

माझ्या धंद्यात चालेल का हे? तुम्हीच सांगा! कापड एकदा कापलं की कापलं. "साहेब, बाही मुद्दाम आखूड केली, बघत होतो तुमचं लक्ष आहे का!" असं मी म्हटलं, तर गिऱ्हाईक याच कैचीनं माझं नाक कापेल. पण हिचं म्हणणं काय? "अहो, सगळं बरोबर सांगणाऱ्या माणसापुढे पोरं झोपतात. चुकणाऱ्या माणसावर लक्ष ठेवावं लागतं." बरं, मग शाळेत चूक ना बाई, घरी कशाला? बुधवारी गुरुवार सांगते. पाहुण्यांना माझं वय चार वर्षांनी वाढवून सांगते. मी तोंड उघडलं की तयारच, "चुकले कुठे? मुद्दाम केलं!" एवढी वर्षं झाली संसाराला, हिची खरी चूक कुठली नि मुद्दाम कुठली, मला अजून ओळखता येत नाही.

तर हिच्या वर्गात एक मुलगी. हिनं तिचं नाव ठेवलंय कुजबुज. का? तर तिचा आवाज तिच्या सख्ख्या आईनंसुद्धा धड ऐकला नसेल. हजेरीला "हजर" म्हणते ते ओठांकडे बघून ओळखायचं. पण हुशार! फळ्यावर चूक पडली की सगळ्यांच्या आधी तिला दिसते. ही म्हणते, "तिच्या भुवया वर जातात हो! तोंड काही उघडत नाही, पण भुवया जातात वर!" आणि मग आमच्याकडे रोज संध्याकाळी, जेवायला बसलं की बातमीपत्र. "आज भुवया वर गेल्या." "आज बोट बाकावरून इतकं, एवढंसं उचललं होतं, पण पुन्हा खाली." मी घास हातात धरून बसलेला. अहो, मलाही चटक लागली! मी दुकानात काजं करताना मनात म्हणायचो, बोल गं बाई, एकदा बोलून टाक, म्हणजे निदान माझं जेवण गरम असताना होईल.

आणि अशात शाळेत उगवला टायवाला. कुठल्याशा कंपनीचा माणूस. टाय असा, की गाठ मारलीय की गळफास, कळेना... शिंपी आहे मी, मला दिसतं. त्यानं संस्थेच्या अध्यक्षांना पटवलं. कसं बोलायचा? "सर, आपल्या चार शाखा. चारही ठिकाणी गणिताचे चार शिक्षक. चौघं चार तऱ्हांनी शिकवणार. त्यापेक्षा सर्वांत उत्तम जे शिक्षक असतील त्यांचे पाठ आपण चित्रित करू. मोठा पडदा लावू. प्रत्येक मुलाच्या हातात टॅबलेट. पाठ संपला की प्रश्न, उत्तर दिलं की लगेच हिरवी खूण नाहीतर लाल फुली. शून्य त्रास!" आणि चार शाखांमधून, तुम्हाला सांगतो, चार शाखांमधून निवड कुणाची झाली? आमच्या हिची!

आता खोटं कशाला बोलू, माझी छाती अशी फुगली की माझ्याच शर्टाचं बटण तुटलं. सबंध गल्लीला सांगितलं. न्हाव्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, ज्याचं माझं भांडण आहे त्या किराणावाल्यालाही मुद्दाम जाऊन सांगितलं. हिच्यासाठी रात्रंदिवस खपून नवा कोट शिवला, हिरवागार, अस्तरासकट. आणि चित्रीकरणाला गेलो तर कॅमेरेवाला कपाळाला हात लावून बसला! मागचा पडदा हिरवा, आणि त्या यंत्राची तऱ्हा अशी, की हिरवं दिसलं की पुसून टाकायचं. तर काय, पडद्यावर नुसतं डोकं आणि दोन हात, मधली बाई गायब! माझं अस्तर गेलं वाया. शेवटी हिनं माझ्याच अंगातलं जाकीट घातलं आणि उभी राहिली.

आणि मग खरी गंमत. खोलीत कोण? कॅमेरेवाला, मी आणि एक पंखा, तोही आवाज होतो म्हणून बंद. पोर एकसुद्धा नाही! हिनं बाजूच्या फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज काढली. अर्धा अधिक एक तृतीयांश. एक छेद दोन, अधिक एक छेद तीन. आणि सवयीनं चुकली! "वर एक नि एक दोन, खाली दोन नि तीन पाच. उत्तर, दोन छेद पाच." आणि थांबली. खडू हातात, चेहरा भोळा. वाट बघतेय. कॅमेरेवाला तिच्याकडे बघतोय, ती कॅमेऱ्याकडे बघतेय, मी पंख्याकडे बघतोय. कुणीच बोलेना! मला काय कळतंय त्यातलं? शेवटी कॅमेरेवाला हळूच म्हणाला, "बाई... पुढचं विसरलात का?" तिचा चेहरा इतका पडला हो! मग तिनं आपणच पुसलं, आपणच दुरुस्त केलं, आणि निघताना त्याला बजावलं, "दादा, ती मधली शांतता आहे ना, ती कापू नका हं. तोच खरा धडा आहे." तो म्हणाला, "हो हो बाई, अगदी निश्चिंत राहा."

निश्चिंत! पुढे ऐका. दोन दिवसांनी अध्यक्षांनी हिला बोलावलं. मोठ्या प्रेमानं म्हणाले, "बाई, तुम्ही संस्थेचं भूषण आहात! पुढच्या सत्रापासून तुम्हाला वर्गाचा त्रास नाही! वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली, फिरती खुर्ची, गार हवा, तिथं बसून नुसते पाठ तयार करायचे. पालकांसमोर एकदा प्रात्यक्षिक छान झालं की शिक्कामोर्तब." वर्गाचा त्रास म्हणे! घरी आली ती सरळ स्वयंपाकाला लागली. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. मी घास घेतला, घोटभर पाणी प्यायलो आणि वाट बघत बसलो, आता म्हणेल, "मुद्दाम केलं." तर नाही म्हणाली. खाली मान घालून ती खारट भाजी तिनं आपली खाऊन टाकली, तिला कळलंसुद्धा नाही. मी घाबरलो हो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला खात्रीनं कळलं, की ही खरी चूक आहे.

मी म्हटलं, "अगं, नको असेल तर नाही म्हण." तर म्हणाली, "काय सांगून नाही म्हणू? यंत्र वाईट आहे म्हणू? यंत्र वाईट नाहीच. माझ्यापेक्षा अक्षर चांगलं, आवाज खणखणीत, कधी रजा नाही, कधी डोकं दुखत नाही. पण अहो, कुजबुजच्या भुवया कोण बघणार?" माझंही मशीन विजेचं झालंच की. टीप मारतं माझ्यापेक्षा सरळ. पण पोट आत ओढून माप देणारं गिऱ्हाईक मशीनला ओळखता येत नाही... नाही नाही, तुम्हाला नाही म्हणत! तुम्ही बसा.

मग प्रात्यक्षिकाच्या आधी तो तयार पाठ हिच्या फोनवर आला. बघा आणि मंजूर करा. ही टेबलापाशी बसली, मी समोर बटणं लावतोय. दोनदा बघितला तिनं. मी विचारलं, "काही चूक आहे का गं?" म्हणाली, "उजेड छान पडलाय." आणि दाबलं बटण, मंजूर. मी म्हटलं चला, सुटला प्रश्न, फिरती खुर्ची तर फिरती खुर्ची.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी ही सकाळी गेली आणि मी बघतो तर काय, चष्मा माझ्या शिलाई मशीनवर! आता चष्म्याशिवाय हिला समोरचा हत्ती दिसत नाही. निघालो धावत, दुकान उघडं टाकून, गळ्यात टेप तशीच लोंबतेय. फाटकावर चौकीदारानं अडवलं, "कुणाचे पालक?" मी म्हटलं, "अरे बाबा, मी कुणाचा पालक नाही, मी बाईंचा नवरा!" तर सलाम ठोकला त्यानं! मला! म्हणाला, "माझा थोरला बाईंच्याच हाताखाली शिकला, जा जा, आत जा."

सभागृह गच्च भरलेलं. पुढे हिच्या वर्गातली पोरं, टॅबलेट घेऊन. बाजूला अध्यक्ष, मागे पालक. आणि आमच्या हिला कुठे बसवलंय? शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात, मोडक्या खुर्चीवर! टायवाला वर म्हणतो, "बाई, आज तुम्ही बोलायचं नाही. आज तंत्रज्ञान बोलेल." मी चष्मा दिला आणि तिच्याच शेजारी टेकलो. दिवे गेले, पडदा उजळला, आणि दिसली की आमची ही, दोन पुरुष उंच, माझं जाकीट घालून! अहो, काय दिसत होती! शिलाई इतकी स्वच्छ आली होती, एक सुरकुती नाही!

पडद्यावरची बाई शिकवायला लागली. अर्धा अधिक एक तृतीयांश. "वर एक नि एक दोन, खाली दोन नि तीन पाच. उत्तर, दोन छेद पाच." आणि लगेच, दम न घेता, "समजलं ना सगळ्यांना? शाब्बास! आता पुढचं उदाहरण."

तो कॅमेरेवाला, निश्चिंतवाला, त्यानं ती शांतता कापली होती हो! त्याला वाटलं बाई अडखळल्या. म्हणून शांतता कापली, पुसणं कापलं, दुरुस्ती कापली, आणि चूक तेवढी सांभाळून ठेवली! आणि कंपनीत म्हणे तीन जणांनी पाठ तपासला. एकानं आवाज तपासला, एकानं उजेड तपासला, एकानं अक्षर वळणदार आहे का ते तपासलं. गणित कुणी तपासावं? बाईंनी केलंय म्हणजे बरोबरच असणार की!

इकडे पोरांमध्ये बोटं वर. एक, मग पाच, मग सगळी. पडदा कशाचा थांबतो? "बाई, चुकलं!" पडद्यावरची बाई हसतेय, "अगदी सोपं आहे, नाही का?" पोरं ओरडली, "नाहीऽऽ!" ती म्हणतेय, "छान!" टायवाल्यानं काय करावं? आवाज वाढवला! तेवढ्यात टॅबलेटवर तोच प्रश्न आला, उत्तर त्या पाठातूनच उचललेलं. पोरांनी बरोबर उत्तर टाकलं, पाच छेद सहा, तर सगळीकडे लाल फुल्या! आणि आतून एक मंजुळ आवाज, "उत्तर चूक आहे. पुन्हा प्रयत्न करा." चाळीसेक टॅबलेट एका सुरात, "पुन्हा प्रयत्न करा, पुन्हा प्रयत्न करा..." पोरं त्या टॅबलेटशी भांडतायत, पालक उठून उभे, अध्यक्ष म्हणतायत, "बंद करा ते," आणि टायवाल्याला बंद करायची जागा सापडेना.

मी हिच्याकडे बघितलं. ही हललीच नाही. तिचे डोळे एकाच जागी. मी त्या दिशेनं बघितलं तर ती एवढीशी मुलगी उठलेली. कुजबुज! आधी गेली पडद्यापाशी. पडद्यावरच्या बाईच्या जाकिटाच्या, म्हणजे माझ्याच जाकिटाच्या टोकाला, बोटानं टकटक केलं. काही नाही. मग वळली, आणि त्या सगळ्या मोठ्या माणसांमधून वाट काढत आली ती थेट शेवटच्या रांगेत, आमच्यासमोर. आणि तुम्हाला सांगतो, असा आवाज लावला तिनं, की बाहेर चौकीदारानं ऐकला.

"बाई! ती पडद्यावरची बाई चुकलीय, आणि ती कुणाचं ऐकतच नाहीय!"

ही उठली. पिशवीतून खडू काढला, हिच्या पिशवीत एक वेळ किल्ली नसेल पण खडू असतो, आणि ठेवला कुजबुजच्या हातावर. फळा कुठाय? फळे तर टायवाल्यानं उतरवून घेतलेले! तर ही माझ्याकडे वळून म्हणते, "अहो, टेप द्या." मी मुकाट्यानं दिली. आपली साठ इंची टेप. दोघींनी ती जमिनीवर पसरली, सगळी पोरं गोल करून बसली, पालकही वाकून बघायला लागले. कुजबुज खडूनं खुणा करतेय, "अर्धी टेप तीस. तिसरा हिस्सा वीस. मिळून पन्नास. साठातले पन्नास, म्हणजे सहातले पाच. आणि ती बाई म्हणते दोन छेद पाच, म्हणजे चोवीस! अर्ध्यात आणखी भर घातली, मग ते अर्ध्याहून कमी कसं होईल?"

माझ्यानं राहवलं नाही! मी ओरडलो, "बरोबर आहे! असा हिशोब शिंप्यानं सांगितला तर कापड चोरलं म्हणतात!" सगळे हसले. आणि आमची ही कुठे? कुजबुजच्या जागी, पोरांमध्ये, जमिनीवर बसून म्हणतेय, "बाई बाई, मला नाही कळलं, पुन्हा सांगा ना!" आणि कुजबुज तिला, कंबरेवर हात ठेवून, "नीट लक्ष द्या बघू!"

टायवाला पुटपुटत होता, "तांत्रिक चूक, तांत्रिक चूक." अध्यक्षांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी पोरांना विचारलं, "काय रे, एवढ्या मोठ्या सभेत बोलायला तुम्हाला भीती नाही वाटली?" तर एक पोरगा म्हणाला, "बाई चुकल्या की सांगायचं असतं. नाही सांगितलं तर बाईंना वाईट वाटतं." मला एकदम डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं झालं. मी आपला टेप गुंडाळत बसलो.

वरची खोली रद्द. फिरती खुर्ची अध्यक्षांकडेच राहिली. पडदा मात्र ठेवून घेतला हं हिनं! म्हणाली, "आलाय तर राहू दे, त्याला थांबायला शिकवू." रिमोट पोरांच्या हातात. ज्याला शंका, त्यानं थांबवायचं. आणि एक पोरगा पाय मोडून घरी पडलाय, त्याला ही टॅबलेटवरून वर्ग दाखवते. परवा तो घरातून, अंथरुणावरून ओरडला, "बाई, चुकलं!" आता नियम म्हणजे नियम. पण त्या काचेतून खडू कसा देणार? संध्याकाळी दोन जिने चढून, धापा टाकत, ही त्याच्या घरी जाऊन खडू देऊन आली. सोबत कोण होतं? मी! गरम जेवण माझ्या नशिबातच नाही.

पण खरी गोष्ट तर सांगायचीच राहिली. प्रात्यक्षिकाहून घरी येताना मी वाटेत थांबलो. म्हटलं, "अगं, तू तो पाठ दोनदा बघितला होतास." म्हणाली, "हो." "म्हणजे शांतता कापलीय, ते तुला दिसलं होतं?" "दिसलं होतं." "आणि तरी मंजूर केलंस?" तर काय म्हणाली?

"मुद्दाम."

मी म्हटलं, "बाई गं, आणि पोरं गप्प बसली असती तर?" ती चालता चालता म्हणाली, अगदी साधेपणानं, "तर मग वर्गात राहायचा मला हक्कच नव्हता. गेले असते वर." म्हणजे सगळी नोकरी, सगळी अब्रू हिनं त्या पोरांच्या भरवशावर पणाला लावली होती! अशी बाई आहे ही, तुम्हाला सांगतो, चार शाखांत काय, कुठंच मिळायची नाही. मी म्हटलं, "आणि चष्मा? तो तरी खरा विसरलीस ना?" म्हणाली, "विसरले कुठे? तुम्ही बघायला यावं असं वाटत होतं. सरळ बोलावलं असतं तर म्हणाला असतात, गिऱ्हाईक आहे." मग मीही धीर केला. म्हटलं, आज विचारूनच टाकू. "मग आपलं लग्न गं? ते चुकून, की मुद्दाम?" तर चष्मा पुसत म्हणाली, "एवढी वर्षं झाली, तुम्ही अजून बोट वर केलं नाहीत!"

...जाऊ द्या. चालायचंच. ही घ्या तुमची विजार, झाली तयार. घालून बघा... काय? खिशात हात जात नाही? बघू? ...अरेच्चा. बोलता बोलता खिसाच शिवून बंद... चुकलो कुठे? मुद्दाम केलं हो! बघत होतो, तुमचं लक्ष... अहो, अहो साहेब, आधी ती कैची खाली ठेवा बघू!